अशक्तपणा: अन्नाचा की काळजीचा?

विदर्भातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा खेड्यातल्या खासगी दवाखान्यात सकाळी तासभर बसले, तर एक शब्द पुन्हा पुन्हा कानावर येतो: अशक्तपणा. ‘हातपाय गयून गेले’, ‘जेवण जात नाही’, ‘डोकं जड राहते’, ‘रातभर झोप नाही’ अशी तक्रारींची सुरुवात होते आणि बहुतेक वेळा शेवट ‘एक सलाईन लावून द्या’ या मागणीने होतो. ‘मला उदास वाटते’ असे म्हणणारा माणूस मात्र क्वचितच भेटतो. याचा अर्थ इथे उदास माणसे नाहीत असा नव्हे. मनाचे दुखणे सांगायला आपल्याकडे शरीराची भाषा वापरली जाते, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती भाषा फारशी चुकीचीही नाही. अपुरे अन्न, रक्तातली कमतरता, महिनोन्‌महिने टिकलेली काळजी आणि नैराश्याचा आजार या चारही गोष्टी शरीरात ज्या वाटांनी जातात, त्या वाटा एकमेकींना इतक्या ठिकाणी छेदतात, की बाहेरून दिसणारे चित्र जवळपास एकच असते.

आधी सलाईनचा हिशेब करू, कारण अनेक घरांत उधारी काढून ती लावून घेतली जाते. साध्या सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत पाणी आणि सुमारे साडेचार ग्रॅम मीठ असते. ग्लुकोजच्या तेवढ्याच, पाच टक्क्यांच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते आणि तिच्यातून १०० कॅलरींपेक्षाही कमी ऊर्जा मिळते. ज्वारीची एक भाकर यापेक्षा कितीतरी अधिक देते, आणि सोबत प्रथिने, लोह व तंतूही देते. उलट्या-जुलाबांनी किंवा उन्हाच्या तडाख्याने शरीरातले पाणी गेलेल्या माणसाला सलाईन जीवदान देते, यात शंका नाही. परंतु तोंडाने खाऊ-पिऊ शकणाऱ्या माणसाचा अशक्तपणा तिने जात नाही. ती लावल्यावर बरे वाटते असे लोक सांगतात, तेही खोटे नसते. भर कामाच्या दिवसांत तासभर आडवे पडायला मिळते आणि कोणीतरी उशाशी बसून विचारपूस करते; तो हलकेपणा खरा असतो, फक्त त्याचे श्रेय बाटलीला जाते.

आता मूळ प्रश्न असा, की पोटात काय जाते याचा मनाशी संबंध येतो कुठे? मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते, पण आराम करत असताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिच्यातला जवळपास पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. त्याला इंधन सतत लागते आणि साठवून ठेवण्याची सोय त्याच्याकडे फार थोडी असते. त्यामुळे अन्न दीर्घकाळ अपुरे पडले तर मनःस्थिती बिघडते, आणि ती बिघडण्यासाठी मनात आधीपासून दुःख असावेच लागते असे नाही. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मिळाला. अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये ३६ तरुण स्वयंसेवकांवर एक प्रयोग केला. शरीराने आणि मनाने धडधाकट असलेलेच तरुण त्यासाठी निवडले होते. सहा महिने त्यांचा आहार जवळपास निम्म्यावर आणण्यात आला आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. वजन घटणे अपेक्षितच होते. मात्र हे हसतेखेळते तरुण चिडचिडे, खिन्न आणि एकलकोंडे झाले, त्यांचे कशातच लक्ष लागेना, आणि दिवसभर त्यांच्या डोक्यात जेवणाखेरीज दुसरा विषय राहिला नाही. त्यांच्यावर कर्ज नव्हते, नापिकी नव्हती, मुलीच्या लग्नाची चिंता नव्हती. कमी होते ते फक्त अन्न. हा प्रयोग आजच्या नीतिनियमांत बसणार नाही, पण रोजच्या कष्टाच्या मानाने कमी जेवणाऱ्या माणसाच्या चिडचिडेपणाला त्याचा स्वभाव समजण्याआधी तो आठवावा.

पोट भरले तरी भूक पूर्ण भागते असे नाही. लोहाचे उदाहरण घेऊ. रक्तातून प्राणवायू वाहून नेण्यासाठी लोह लागते हे सर्वांना माहीत आहे. परंतु मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन ही उत्साहाशी व मनःस्थितीशी निगडित असलेली रसायने तयार होताना ज्या विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, गरज असते, त्यांनाही लोहाशिवाय काम करता येत नाही. म्हणून लोह कमी पडलेल्या स्त्रीला नुसता दम लागत नाही, तर कामात मन न लागणे, विसराळूपणा आणि विनाकारण रडू येणे असेही अनुभव येतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे कापूस वेचायला निघालेल्या दहा बायकांपैकी पाच-सहा जणी कमी रक्तावर दिवसभर वाकून काम करत असतात. त्यातच घरातल्या सगळ्यांचे झाल्यावर जेवायचे, आणि तोवर वरणातले घट्ट वरण संपून पाणी उरलेले असते, ही रीत अजून बऱ्याच घरांत आहे. या रीतीला त्याग म्हणून गौरवले जाते, हे मला खटकते. तिचा आरोग्यावरचा परिणाम साध्या तपासणीत, हिमोग्लोबिनच्या आकड्यात दिसतो. गरोदर नसलेल्या स्त्रीत हा आकडा १२ च्या खाली आणि पुरुषात १३ च्या खाली गेला, तर रक्त कमी आहे असे मानतात. विदर्भात यासोबत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही आठवण ठेवावी लागते. त्या आजारातला रक्तक्षय लोहाच्या गोळ्यांनी भरून येत नाही, त्यामुळे तपासणी न करता वर्षानुवर्षे गोळ्या घेत राहण्यात अर्थ नसतो.

दुसरी कमतरता जीवनसत्त्व बी-१२ ची. ते वनस्पतींपासून मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतूनच मिळते. माळकरी घरांत, किंवा दूध सगळे डेअरीला घालून घरात फक्त चहापुरते ठेवणाऱ्या घरांत, ही कमतरता हळूहळू वाढत जाते. हातापायांना मुंग्या येणे, तोल सांभाळताना अडखळणे, जीभ लालसर होऊन चुरचुरणे, विसर पडणे आणि मन उदास राहणे अशी तिची लक्षणे असतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या अनेक वर्षे घेणाऱ्यांमध्येही बी-१२ कमी होऊ शकते. अशा माणसाला ‘वय झाले’ किंवा ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगून घरी पाठवणे हा अन्याय आहे. माळ सांभाळूनही यावर उपाय होतो: रोज दही-दूध, आणि रक्ताच्या तपासणीत कमतरता दिसली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या किंवा इंजेक्शने.

इथवर अन्नाकडून मनाकडे जाणारी वाट पाहिली. उलट दिशेची वाट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण आपल्या भागात बहुतेक वेळा सुरुवात तिकडून होते. धोका दिसला की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग पीयूषिका ग्रंथीला निरोप देतो आणि ती मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींना कामाला लावते. त्यांतून अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात येतात. त्यांपैकी अॅड्रेनॅलिनसाठी नसांतून जाणारा निरोप आणखी वेगवान असतो. रक्तात साखर वाढते, हृदय जोरात धडधडते, रक्त स्नायूंकडे वळते आणि पचनाचे काम मागे ठेवले जाते. वावरात साप दिसला तर ही व्यवस्था जीव वाचवते आणि थोड्या वेळात सारे पूर्ववत होते. परंतु बँकेची नोटीस, कृषी केंद्राची उधारी किंवा पाऊस लांबल्याने मोडण्याच्या बेतात आलेली पेरणी ही काही तासाभरात निघून जाणारी संकटे नसतात. त्यामुळे एरवी सकाळी वर आणि रात्री खाली असणारे कॉर्टिसॉलचे चक्र बिघडते. काहींची भूक मरते. घास तोंडात फिरतो पण उतरत नाही. काहींना उलट खा-खा सुटते, आणि तीही भाजी-भाकरीची नव्हे, तर गोड आणि तळलेल्या पदार्थांची, कारण अशा पदार्थांनी ताणाची जाणीव थोडा वेळ खरोखरच बोथट होते. एकच काळजी एका भावाला सुकवते आणि दुसऱ्याचे पोट सुटते, ते यामुळे.

वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष डोळ्यांसमोर आणले, म्हणजे ही साखळी नीट उलगडते. जून ते सप्टेंबर या काळात घरातला पैसा बियाणे, खत आणि फवारणीत गेलेला असतो, मागच्या वर्षीचे धान्य संपत आलेले असते, निंदण-डवरणीचे कष्ट सर्वांत जास्त असतात आणि पावसाची अनिश्चितताही तेव्हाच सर्वांत मोठी असते. म्हणजे शरीराला अन्न सर्वांत जास्त हवे असते, त्याच महिन्यांत ताटात सर्वांत कमी असते आणि डोक्यावरचा भारही कमाल असतो. हिवाळ्यात पैसा येऊ लागतो, पण झोप जाते. ज्याच्याकडे थोडेफार पाणी आहे, त्याला हरभऱ्याला, गव्हाला ओलित करायचे तर वीज रात्रीची. रानडुकरे आणि रोही पीक तुडवतात म्हणून जागलीलाही जावे लागते. झोप कमी झाली की भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते आणि पोट भरल्याची सूचना देणारे लेप्टिन घटते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. त्याहून साधी गोष्ट अशी, की चार रात्री जागलेल्या माणसाला क्षुल्लक बोलणेही टोचते आणि छोटा खर्चही डोंगराएवढा वाटतो.

जागरण आणि रिकामे पोट या दोन्हींवर आपल्याकडचा उतारा म्हणजे चहा आणि खर्रा. चहातील कॅफिन थकव्याची जाणीव दाबते, थकवा घालवत नाही. आणि ते निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळचा तिसरा-चौथा चहा रात्रीच्या झोपेतून वसूल होतो. जेवणाबरोबर घेतलेल्या चहातली टॅनिन द्रव्ये भाजी-भाकरीतले लोहही मोठ्या प्रमाणात अडवून धरतात. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवणे व ताटात लिंबाची फोड घेणे, एवढ्यानेही लोह अधिक अंगी लागते, आणि याला पैसे पडत नाहीत.

खर्‍याचे प्रकरण अधिक कठीण आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा खाल्ल्यावर ‘डोकं शांत होते’, असे खाणारे शपथेवर सांगतात. त्यांना जाणवणारी शांतता बहुतांशी निकोटीनची तलफ भागल्याची असते; तासाभराने तीच तलफ बेचैनी होऊन परत येते आणि माणूस ती बेचैनी कर्जाच्या किंवा घरच्या कटकटीच्या खात्यावर मांडतो. निकोटीन भूकही मारते. पुढे सुपारीमुळे तोंडातली कातडी कडक होऊन तोंड उघडेनासे होते आणि तिखट सोसवत नाही. मग ठेच्यासोबतची भाकर सुटते, आणि माणूस चहात बुडवलेल्या टोस्टवर येतो. दारूबद्दल थोडक्यात सांगायचे तर ती झोप लवकर आणते आणि पहाटे तीनला मोडते, ब-गटातील जीवनसत्त्वे खर्ची घालते आणि दुसऱ्या दिवशीची उदासी वाढवते. काळजीवर तिच्याइतका महाग आणि कुचकामी इलाज दुसरा नाही.

मग आहार सुधारला तर मन सुधारते का? या प्रश्नावर ऑस्ट्रेलियात फेलिस जाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग बराच गाजला. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ६७ प्रौढांपैकी एका गटाला आहारतज्ज्ञाने १२ आठवडे मार्गदर्शन केले, आणि दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ गप्पागोष्टींची सोबत दिली. शेवटी आहाराच्या गटातील सुमारे ३२ टक्के आणि सोबतीच्या गटातील ८ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले होते. फरक मोठा आहे, पण माणसे थोडी होती, आपण कोणत्या गटात आहोत हे त्यांना ठाऊक होते, आणि बहुतेकांचे औषधोपचार किंवा समुपदेशन आधीपासून चालूच होते. म्हणून या प्रयोगाचा अर्थ आहार औषधाला जोड देतो असा घ्यावा, आहार औषधाची जागा घेतो असा नव्हे. याच्या शेजारी आणखी एक निष्कर्ष ठेवायला हवा. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक प्रौढांना अनेक वर्षे माशाच्या तेलाच्या आणि ड-जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तेव्हा त्यांनी नैराश्य टळले नाही, असे २०२० आणि २०२१ मध्ये जाहीर झाले. तपासणीत कमतरता निघाली तर गोळी हवीच. परंतु डब्यातली महागडी ‘ब्रेन टॉनिक’ पावडर विकत घेण्यापूर्वी हा आकडा आठवावा. मोबाईलवर फिरणाऱ्या आणखी एका वाक्याचाही इथे निकाल लावू. ‘आनंदाचे रसायन नव्वद टक्के आतड्यात बनते, म्हणून पोट साफ तर मन साफ’ असे ते वाक्य. बहुतेक सेरोटोनिन आतड्यात बनते हे खरे आहे. परंतु ते मेंदूत शिरू शकत नाही, मेंदू स्वतःचे वेगळे तयार करतो. आतडे आणि मेंदू यांचा संबंध आहे, पण तो नसांद्वारे, आतड्यातल्या सूक्ष्मजीवांद्वारे आणि शरीरातल्या सूजेद्वारे येतो, आणि त्याचे बरेच धागे अजून शोधले जात आहेत.

ऑस्ट्रेलियातल्या त्या आहारात होते काय? कोंडा न काढलेली धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे, शेंगदाण्यासारखी तेलबीजे, गोड न केलेले दूध-दही, अंडी, मासे, थोडे मांस आणि ऑलिव्हचे तेल. ऑलिव्ह आणि समुद्री मासे वगळले, तर ही यादी यवतमाळ-वाशीमच्या शेतकऱ्याला परकी वाटू नये. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची किंवा चिवळीची भाजी, हरभऱ्याच्या कोवळ्या पानांचा घोळाणा, जवसाची चटणी आणि ताक हे ताट तिच्या बरेच जवळ जाते. जवसात ओमेगा-३ गटातले स्निग्ध असते. शरीर त्यातले थोडेच मेंदूला उपयोगी अशा रूपात बदलते, तरीही खाण्यात तोटा काही नाही. पण शहरातला तज्ज्ञ जेव्हा ‘तुमचा पारंपरिक आहारच उत्तम, तोच खा’ असे ऐकवतो, तेव्हा त्याने एक गोष्ट पाहिलेली नसते. ज्वारी वावरातून गेली आणि तिच्या जागी सोयाबीन व कपाशी आली. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळतात. तूर पिकवणारा बाजारभावाने विकून टाकतो आणि पुढे डाळ विकत आणतो. ताट बदलले ते आवडीने नव्हे, हिशेबाने बदलले. म्हणून व्यवहारात जमेल असे सांगायचे तर घरापुरती ज्वारी आणि तूर विकण्यापूर्वी बाजूला काढणे, धुऱ्यावर आणि आवारात शेवगा, अंबाडी, वाल लावणे, चार कोंबड्या पाळत असल्यास सगळी अंडी न विकणे, आणि सकाळी नुसत्या चहावर वावरात न जाता रात्रीची भाकर चटणीसोबत खाऊन जाणे, इतके पुरेसे आहे. उपास करणाऱ्यांनी साबुदाण्यासोबत शेंगदाणे आणि दही घ्यावे. साबुदाणा एकटा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ असतो.

हे सगळे करूनही एखाद्याचा अशक्तपणा जात नाही, रक्त ठीक निघते, थायरॉईड, साखर आणि क्षयरोगाची तपासणी स्वच्छ येते. तेव्हा ‘तुम्हाला काहीच झालेले नाही’ असे म्हणून फाईल बंद करू नये. त्या वेळी दोन प्रश्न विचारायचे असतात, आणि ते जगभर प्राथमिक तपासणीसाठी वापरले जातात: गेल्या दोन आठवड्यांत कोणत्याही कामात रस किंवा गोडी वाटली नाही, असे बहुतेक दिवस झाले का? आणि मन खिन्न, निराश राहिले का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढची सविस्तर तपासणी हवी, कारण नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे, आणि भूक मरणे हे त्याचे कारण नसून बऱ्याचदा त्याचे लक्षण असते. अशा माणसाला ‘चांगले खा म्हणजे बरे वाटेल’ हा सल्ला देणे म्हणजे मोडलेल्या पायाने चालून दाखव म्हणण्यासारखे आहे. आधी उपचार सुरू झाले की भूक परत येते, आणि मग ताट कामी येते.

गावपातळीवर हे जमते, याचा दाखला आपल्याच भागात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. त्यात गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरोघरी मनाच्या आजारांविषयी बोलायला लावले आणि गरज असेल त्यांना समुपदेशक व डॉक्टरांपर्यंत पोहोचवले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि जीव नकोसा वाटल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. शेजारच्या इतर गावांशी तुलना त्यात नव्हती, त्यामुळे सारा बदल त्या एकाच कार्यक्रमाचा असे ठामपणे म्हणता येत नाही. तरी दवाखान्यापर्यंत न पोहोचणारी माणसे पोहोचू लागली, एवढे उघड आहे.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. प्रवास परवडत नसेल किंवा ओळखीचे कोणी पाहील अशी भीती वाटत असेल, तर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतून बोलता येते; फोन नातेवाईकानेही केला तरी चालतो. घरात कोणी ‘आता जगून काय करायचे’ असे बोलून गेले, तर ते रागाच्या भरातले म्हणून सोडून देऊ नये. त्याला सरळ विचारावे, एकटे ठेवू नये आणि फवारणीचे औषध त्याच दिवशी घरातून हलवून शेजाऱ्याकडे कुलपात ठेवावे. विचारल्याने असे विचार डोक्यात भरतात ही समजूत खोटी आहे. आणि फोन लागल्यावर ‘उदास वाटते’ हे शब्द सुचले नाहीत तरी हरकत नाही. ‘लय अशक्तपणा आहे, जेवण जात नाही, झोप नाही’ एवढे सांगितले तरी पुढचे प्रश्न समुपदेशक स्वतः विचारतो.